दवाखान्यातली अदब

पुण्यामुंबईच्याच काय, पण तालुक्याच्या गावातल्याही एखाद्या चालत्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, आपला नंबर लागेपर्यंत तासभर स्वस्थ बसून राहणाऱ्या माणसाला, समोरच्या मेजावरच्या जीर्ण मासिकांपेक्षा पुष्कळ अधिक बोधप्रद असा एक प्रयोग विनामूल्य पाहावयास मिळतो. स्वागतकक्षातल्या मुलीला उद्देशून, 'साडेनऊची वेळ दिली होतीत ना, मग पावणेअकरा कसे वाजले?' या वाजवी प्रश्नापासून आरंभ करून, 'तुम्हाला इथे बसायचा पगार देतात तरी कशाचा?' या अत्यंत गैरवाजवी प्रश्नापर्यंत पायरीपायरीने चढत गेलेला एखाद्या सद्गृहस्थांचा आवाज, आतले दार किलकिले होऊन त्यांचे नाव पुकारले जाताच इतका मृदू, इतका आर्जवी आणि इतका समंजस होतो, की हे तेच गृहस्थ काय, असा संभ्रम पाहणाऱ्यास पडावा. आत गेल्यावर ते डॉक्टरांना उशिराचे कारण विचारीत नाहीत. उलट डॉक्टरांनीच सौजन्याने 'फार थांबावे लागले का?' अशी चौकशी केली, तर 'छे छे, आत्ताच आलो' असे म्हणण्याइतके औदार्य त्यांच्या ठायी त्या क्षणी प्रकट होते. बाहेर येऊन फी भरताना मात्र पाचशेची नोट ते त्या मुलीच्या हातात देत नाहीत, मेजावर टाकतात.

या गृहस्थांना उद्धट म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते निदान मला अपुरे वाटते. खरा उद्धट माणूस लहानथोर न पाहता सर्वांशी सारखाच उद्धट असतो, आणि त्या अर्थाने तो एक प्रकारचा समतावादीच म्हणावा लागेल. आमच्या या गृहस्थांची अदब शाबूत आहे. ती कोणापुढे खर्च करावी आणि कोणापुढे राखून ठेवावी, याचा हिशेब मात्र त्यांच्या मनात पक्का बसलेला आहे. शिष्टाचाराची वाण आपल्या समाजात कधीच नव्हती. जुन्या पत्रांचे मायने पाहावेत: वडिलांना 'तीर्थरूप', बरोबरीच्या गृहस्थाला 'राजमान्य राजश्री', धाकट्याला 'चिरंजीव', आणि सरकारदरबारी अर्ज करावयाचा तर 'मेहेरबान' शब्दाने सुरुवात करून 'आज्ञाधारक' शब्दाने शेवट, यात कोठे अधिकउणे झाले तर मने दुखावली जात. इतक्या सूक्ष्म श्रेणीरचनेत एकाच माणसासाठी मायना तयार झाला नाही, आणि तो म्हणजे ज्याच्याशी आपले नाते नाही, ज्याचा हुद्दा आपल्याहून वरचा नाही, जो आपले विशेष भले करू शकत नाही आणि वाईटही करू शकत नाही, असा केवळ आपले काम करीत समोर बसलेला परका माणूस. दवाखान्याच्या खिडकीपाशी आपण रोज अडखळतो, ते नेमके या जागी.

आता त्या खिडकीपलीकडे बसलेल्या व्यक्तीच्या अधिकारांची मोजदाद करून पाहावी. डॉक्टर किती वाजता येतील हे ती ठरवीत नाही. सकाळी दुसऱ्या रुग्णालयात एखादी शस्त्रक्रिया लांबली, तर ती गोष्ट तिला पुष्कळदा बाकावर बसलेल्यांच्या इतक्याच उशिरा कळते. तासाभरात किती रुग्णांना वेळ द्यावी हे डॉक्टरांनी ठरविलेले असते, आणि दहा मिनिटांच्या घरात तिघांची नावे बसविण्याचा शिरस्ता काही तिने घातलेला नसतो. छातीत दुखते म्हणून घाम पुसत आलेल्या माणसाला रांग मोडून आत सोडावे लागते. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी बॅगा सांभाळीत दाराशी तिष्ठत असतात, आणि त्यांनाही डॉक्टरांच्या हुकमावरूनच मधूनमधून आत घ्यावे लागते. त्यात नगरसेवकांचा फोन, सोसायटीच्या अध्यक्षांची मेहुणी, आणि 'डॉक्टर माझ्या चांगले ओळखीचे आहेत, फक्त दोन मिनिटे' असे सांगणारे, परंतु डॉक्टरांना मुळीच ओळखीचे न वाटणारे कितीतरी लोक. या सर्वांचा मुलाहिजा राखून, मानेशी फोन दाबून धरीत, पुढच्या आठवड्याच्या वेळा लिहीत, हरवलेले रिपोर्ट शोधीत आणि सुट्या पैशांचा हिशेब जुळवीत ती दिवसाचे आठ-दहा तास काढते. देण्यासारखे तिच्या हाती काही नसते. नाकारण्याचे काम मात्र सर्वस्वी तिच्याकडे सोपवलेले असते. 'आज जमणार नाही', 'डॉक्टर फोनवर बोलत नाहीत', 'फी आधी भरा' ही वाक्ये वस्तुतः आतल्या खोलीतली असतात. डॉक्टरांची मुद्रा प्रसन्न आणि दयाळू राहावी म्हणून कठोर व्हावयाचे काम कोणी तरी बाहेर बसून करावयाचे असते, आणि त्या कामासाठी महिना ठरवून तिची नेमणूक झालेली असते. रोग्याच्या डोळ्यांत डॉक्टर देवमाणूस ठरतात आणि तिला खाष्ट म्हणून ओळखले जाते, या श्रमविभागणीचा पगार किती असतो, याची चौकशी कोणी करीत नाही.

पूर्वी या जागी कंपाउंडर असे. ज्यांना तो आठवतो त्यांना त्याची खिडकी, रांगेत मांडलेल्या बरण्या, घरून नेलेल्या बाटलीत ओतलेले ते लालसर मिश्रण आणि बाटलीवर चिकटवलेली, डोसाच्या मापाने कातरलेली कागदाची पट्टीही आठवेल. कारखान्यात तयार झालेल्या गोळ्या आल्या, १९४८ च्या कायद्याने औषधे देण्याचा व्यवसाय शिक्षित औषधनिर्मात्यांकडे सोपविला, आणि कंपाउंडर हळूहळू दवाखान्यातून अंतर्धान पावला. त्याच्याशी लोक नम्रतेने बोलत, 'जरा कडू कमी करा हो' अशी विनवणी करीत, सणासुदीला त्याच्या हातावर काही ठेवीत. यावरून त्या काळचे लोक आजच्यापेक्षा अधिक सुसंस्कृत होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. मला होत नाही. कंपाउंडरच्या हातात औषध होते, एवढाच त्याचा अर्थ. स्वागतकक्षातल्या मुलीच्या हाती फक्त नोंदवही आहे.

मोठ्या खासगी रुग्णालयात हाच खेळ 'कॅशलेस'च्या टेबलाशी अधिक खर्चिक पोशाखात चालतो. रुग्णाला घरी जाण्याची परवानगी सकाळी दहालाच मिळालेली असते, पिशव्या भरून तयार असतात, गाडी खाली येऊन थांबलेली असते, आणि विमा कंपनीची अंतिम मंजुरी मात्र दुपार कलली तरी येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या मे महिन्यात काढलेल्या परिपत्रकान्वये कॅशलेसच्या अर्जावर एका तासाच्या आत, आणि घरी सोडण्याच्या वेळची अंतिम मंजुरी रुग्णालयाकडून विनंती पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत देणे कंपन्यांवर बंधनकारक झालेले आहे. इतकेच नव्हे, तर त्याहून विलंब होऊन रुग्णालयाने काही जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसावयाचा आहे. ही तरतूद ज्यांना ठाऊक आहे असे पॉलिसीधारक थोडे, आणि ती ठाऊक असूनही विमा कंपनीकडे लेखी तक्रार करणारे त्याहून थोडे. टेबलाशी बसलेल्या, टाय लावलेल्या पंचविशीतल्या तरुणावर तोंडसुख घेणारे मात्र विपुल. तो तरुण विमा कंपनीचा नोकर नाही. संगणकाच्या पडद्यावर उमटणारी 'प्रलंबित' ही अक्षरे त्याने लिहिलेली नाहीत. पण तो समोर आहे, आणि कंपनी कुठल्याशा शहरात, टेलिफोनवरच्या संगीतापलीकडे, अदृश्य आहे. रागाला कारण होते. त्याचा पत्ता चुकला. आणि जो राग चुकीच्या पत्त्यावर पोहोचतो, त्याने ज्याला खरोखर जबाबदार धरावयाचे तो सुखरूप सुटतो, हा त्यातला व्यावहारिक तोटा आपल्या ध्यानात येत नाही.

सरकारी रुग्णालयांत याच चुकलेल्या पत्त्याने रक्त सांडलेले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरापासून तपासण्यांपर्यंत सर्व काही निःशुल्क झाले, ही गोष्ट स्वागतार्हच. परंतु केस पेपर फुकट झाला म्हणून तो काढण्याची रांग नाहीशी झाली नाही, आणि खिडकीमागे बसणारा कारकून एकाचे दोन झाले असेही नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे शिक्षणसंलग्न रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका असावी. ज्याने एखादी रात्र सरकारी वॉर्डात, खाटेखाली चटई टाकून काढली आहे, त्याला या निकषाचे प्रत्यक्षातले रूप सांगण्याची गरज नाही. अशा वॉर्डात सलाईन संपल्याची हाक ऐकून सिस्टर लगेच आल्या नाहीत, की नातेवाईक तो त्यांचा आळस समजतात. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात, डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी आवश्यक असा मेंदूचा शल्यचिकित्सक येथे नाही, त्याला दुसरीकडे न्यावे लागेल, असे सांगणाऱ्या निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी अशी मारहाण केली की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले. तज्ज्ञाची नेमणूक करणे अथवा न करणे हा मंत्रालयातला विषय. त्याची शिक्षा मात्र रात्रपाळीला हजर असलेल्या मुलाला. तो दुसरीकडे कोठे असता तर वाचला असता, पण तो कामावर होता.

अशा हिंसेविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्येच स्वतंत्र कायदा केला. त्यान्वये वैद्यकीय सेवेतील व्यक्तीवर हल्ला करणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असून, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नासधूस झाल्यास नुकसानीच्या दुप्पट भरपाई अशी त्यात तजवीज आहे. डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय व परिचर्येचे विद्यार्थी आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांचा नामनिर्देश त्या कायद्याने केला. केस पेपरच्या खिडकीवरचा कारकून, बिलाच्या टेबलावरचा तरुण आणि दारावरचा पहारेकरी यांचा केला नाही. कायदा करणाऱ्यांचा यात काही हेतू होता, असे मला सुचवायचे नाही. ज्याप्रमाणे रुग्णाला, त्याचप्रमाणे विधिमंडळालाही, ही माणसे दिसली नसावीत, एवढेच. अर्थात, शिव्या देणे, अरेतुरे करणे, भर गर्दीत कोणाची अक्कल काढणे, यांवर कोणत्याही कायद्याचा अंमल बसणे दुरापास्त आहे, आणि बसू नये हेच बरे. हातातोंडावर ताबा ठेवण्यातला अर्धा भाग, म्हणजे तोंडाचा, सरकारच्या स्वाधीन करणे शहाणपणाचे नव्हे.

सरकारविषयी बोलतोच आहोत तर दोन प्रसंगांची आठवण द्यावीशी वाटते, कारण लोक राज्यकर्त्यांकडून जे शिकतात ते भाषणांतून शिकत नाहीत. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात अनेक रुग्ण दगावल्याच्या वार्तेने महाराष्ट्र हादरलेला असताना, एका खासदारांनी तेथे भेट देऊन प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करावयास लावले, आणि त्याचे चित्रण घरोघर पोहोचले. औषधे, मनुष्यबळ आणि निधी यांच्याविषयीचे जे प्रश्न त्या मृत्यूंनी उभे केले होते, त्यांची उत्तरे त्या शौचालयात नव्हती. दुसरा प्रसंग गोव्यातला. २०२५ च्या जूनमध्ये बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, एका वृद्ध स्त्रीला जीवनसत्त्वाचे इंजेक्शन नाकारले गेल्याच्या तक्रारीवरून, आरोग्यमंत्र्यांनी तातडीच्या विभागातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची कॅमेऱ्यांसमोर कानउघाडणी करून जागच्या जागी निलंबनाचे फर्मान काढले. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही असे जाहीर केले आणि मंत्र्यांना पुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली. तेथल्या डॉक्टरांनी त्या वेळी केलेली मागणी मला विलक्षण मार्मिक वाटते: ज्या जागी अपमान झाला त्याच जागी माफी मागितली जावी. अपमानाची जागा आणि प्रेक्षक हाच अपमानाचा अर्धा भाग असतो, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. दाराआड विचारलेला कठोर प्रश्न माणूस पचवतो. पन्नास जणांच्या देखत उच्चारलेला सौम्य टोमणा पचवीत नाही. खिडकीवरच्या मुलीचा जो अपमान होतो, तो नेहमीच पन्नास जणांच्या देखत होतो.

आमच्या वैद्यकाच्या परंपरेत या विषयाचा विचार झालेला नाही असे मात्र नाही. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले, त्यांत वैद्य आणि औषध यांच्या बरोबरीने उपस्थाता, म्हणजे शुश्रूषा करणारा परिचारक, आणि रोगी यांना स्थान दिले; आणि या प्रत्येकाच्या अंगी कोणते चार गुण असावेत हेही नमूद केले. परिचारकाला सेवेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि शुचिता आवश्यक. याहून लक्षणीय गोष्ट अशी, की रोग्यालाही चरकाने मोकळे सोडलेले नाही: त्याला स्मरण असावे, सांगितले ते पाळण्याची तयारी असावी, आपले दुखणे त्याला नीट सांगता यावे, आणि तो निर्भय असावा. या चौथ्या गुणापाशी आजच्या वाचकाने अंमळ थांबावे. दवाखान्यात जो आवाज चढतो, त्याच्या मुळाशी दहापैकी आठ वेळा माज नसतो, भय असते. गाठ कशाची आहे, आईचे काय होणार, बिल किती येणार, पोर पुन्हा डोळे उघडील की नाही, या भयाला वाट हवी असते. ते डॉक्टरांपुढे मांडण्याचे धैर्य होत नाही, म्हणून ते रागाचे सोंग घेऊन पहिल्या दिसेल त्या खिडकीवर जाऊन आदळते. हे समजून घेणे हे तेथे बसणाऱ्याच्या शिक्षणाचा भाग असले पाहिजे, याविषयी दुमत नसावे; पण ते समजले म्हणून सोसण्याची शक्ती आपोआप येते, असे नाही. जाता जाता एवढे नोंदवितो, की चरकाच्या चौकटीत नातेवाईक हा पाचवा पाद नाही. आपल्याकडे मात्र रुग्ण बहुधा मुकाट्याने खुर्चीत बसलेला असतो, आणि निर्भयतेची उणीव त्याच्या सोबत आलेले पुतणे, मेहुणे आणि शेजारी भरून काढीत असतात.

असभ्य शब्दाने कर्मचाऱ्याचे मन दुखावते, एवढेच असते तर एखादा कठोर वाचक म्हणाला असता, की मने कोठे दुखावत नाहीत? पण त्याने हातही चुकतो. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'पिडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागातल्या चोवीस पथकांना अकाली जन्मलेल्या बालकाच्या बिघडत्या प्रकृतीचा एक कृत्रिम प्रसंग हाताळावयास दिला; निम्म्या पथकांना त्याआधी एका परदेशी तज्ज्ञाच्या तोंडून त्यांच्या देशातल्या वैद्यकाविषयी हेटाळणीचे चार शब्द ऐकवले. शिवीगाळ नव्हती, केवळ तुच्छता. तेवढ्याने त्या पथकांचे निदान आणि प्रत्यक्ष उपचाराचे कौशल्य ही दोन्ही लक्षणीय प्रमाणात खालावली, कारण माणसे एकमेकांना माहिती सांगेनाशी आणि मदत मागेनाशी झाली. त्याच अभ्यासकांनी २०१७ मध्ये जो पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात उद्धट बोलणारी व्यक्ती म्हणजे बाळाची आई होती, अर्थात तिची भूमिका करणारी नटी. परिणाम तोच झाला. आपल्याच लेकराच्या हिताची काळजी करणारी आई आपल्या शब्दांनी त्याच लेकरावरच्या उपचारांची धार बोथट करते, हा त्यातला क्रूर विरोधाभास आहे. हे कोणी मुद्दाम करीत नाही. अपमान झालेल्या माणसाचे अर्धे चित्त त्या अपमानाचे उत्तर जुळविण्यात गुंतते, आणि इंजेक्शनाची मात्रा मोजण्यास उरलेले अर्धे शिल्लक राहते.

येथवर वाचून, 'आणि त्यांच्या उर्मटपणाचे काय?' असा प्रश्न ज्यांच्या मनात उसळला असेल, त्यांची कैफियत मी अमान्य करीत नाही. 'तिकडे बाजूला उभे राहा', 'कळत नाही का एकदा सांगितलेले', 'अंगठा की सही?' असे शब्द खेड्यातून आलेल्या, धुवट लुगड्यातल्या बाईला ज्या स्वरात ऐकवले जातात, त्या स्वरात ते कडक इस्त्रीच्या सदऱ्याला ऐकवले जात नाहीत, हे सत्य आहे. प्रसूतिकक्षाची गोष्ट तर याहून विषण्ण करणारी: वेणांनी तळमळणाऱ्या स्त्रीला उद्देशून जे बोलले जाते, प्रसंगी जी चापट मारली जाते, तिची वाच्यता बायका आपसात करतात, पुरुषांच्या कानावर ती येतही नाही. केंद्र शासनाने २०१७ च्या अखेरीस प्रसूतिकक्षांच्या सुधारणेसाठी 'लक्ष्य' नावाचा जो उपक्रम आरंभिला, त्यात प्रसूत होणाऱ्या स्त्रीला सन्मानाने वागविण्याचा वेगळा अंतर्भाव करावा लागला, यातच सर्व आले. पण या उदाहरणाने माझे म्हणणे खोडले जात नाही, ते बळकट होते. सकाळी ज्या परिचारिकेला वरिष्ठ डॉक्टर वॉर्डातल्या सर्वांदेखत झापतात आणि दुपारी एखादे पुढारी दम देतात, तीच संध्याकाळी एखाद्या अडाणी बाळंतिणीवर खेकसते. उतारावर सोडलेले पाणी जसे सर्वांत खालच्या शेतात जाऊन साचते, तसा हा अपमान सर्वांत दुबळ्या माणसाच्या वाट्याला येऊन थांबतो. खासगी दवाखान्यात नोट टाकणारे सद्गृहस्थ आणि प्रसूतिकक्षात ओरडणाऱ्या सिस्टर एकमेकांना कधी भेटणार नाहीत. पण दोघांचा व्यवहार एकच आहे.

याचा अर्थ रुग्णाने मुकाट्याने सर्व सोसावे असा कोणी घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, आणि ते योग्यच झाले; त्या निकालाने रुग्णाला तक्रारीचा अधिकार दिला. अधिकाराबरोबर गिऱ्हाइकी गुर्मी आली, हा दोष निकालाचा नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची जी सनद तयार केली, तीत सतरा हक्क नमूद असून, डॉक्टर व इतर कर्मचारी यांची माणूस म्हणून आणि व्यावसायिक म्हणून प्रतिष्ठा राखावी, ही रुग्णाची व नातेवाइकांची जबाबदारी म्हणूनही त्याच सनदेत नोंदलेली आहे. 'इतर कर्मचारी' हे शब्द तेथे आले याचे मला समाधान वाटते. माझा अनुभव, आणि तो सरकारी कचेरीतल्या दीर्घ वावरातून आलेला असल्याने थोडाफार प्रमाण मानावयास हरकत नाही, असा आहे की ज्या तक्रारीत दिनांक, वेळ, कोणाला काय विचारले आणि काय उत्तर मिळाले एवढाच मजकूर असतो, तिची दखल घेणे वरिष्ठांना टाळता येत नाही. आणि जीत विशेषणे असतात, ती 'अर्जदार भावनेच्या भरात आहे' अशा शेऱ्यानिशी दप्तरदाखल होते. आरडाओरडा करणारा माणूस स्वतःच्या हाताने आपला पुरावा फाडीत असतो. शिवाय जमलेले लोक, मूळ तक्रार खरी असली तरी, सहानुभूती ज्याच्यावर ओरडले जात आहे त्यालाच देतात.

राहता राहिले डॉक्टर. दवाखान्यातली अदब कशी असावी हे ठरविण्याचा अधिकार शेवटी त्यांचाच आहे, आणि त्यांपैकी पुष्कळांनी तो वापरलेला नाही. सर्वांसमक्ष 'फाईल कुठे आहे? डोके ठिकाणावर आहे का?' असे आपल्या मदतनिसाला विचारणारे डॉक्टर, बाकावरच्या वीस माणसांना नकळत एक परवाना वाटीत असतात. त्या माणसाशी असे बोलले तरी चालते, असा. भिंतीवर 'कर्मचाऱ्यांशी गैरवर्तन केल्यास कारवाई करण्यात येईल' असा फलक लावून त्या परवान्याची भरपाई होत नाही. कर्मचाऱ्याशी झालेले गैरवर्तन कानावर आल्यावर 'जाऊ दे, जुना पेशंट आहे' असे म्हणून तिचीच समजूत काढणारे डॉक्टर तर जवळजवळ सर्वत्र आढळतात. त्यांना विचारावेसे वाटते, की तोच जुना पेशंट तुमच्याशी त्या शब्दांत बोलला असता, तर तुम्ही हीच क्षमाशीलता दाखवली असती काय?

पुण्यातल्या एका वृद्ध बालरोगतज्ज्ञांचा शिरस्ता मला या संदर्भात सांगण्याजोगा वाटतो. त्यांना यावयास उशीर झाला की आत न जाता ते प्रथम बाहेरच्या बाकांसमोर उभे राहत, उशिराचे कारण दोन वाक्यांत सांगत, अजून किती वेळ लागेल याचा अदमास देत, आणि ज्यांना थांबणे शक्य नसेल त्यांना आपल्या मदतनीस बाईंकडून, त्यांचा 'अहो'ने उल्लेख करून, दुसऱ्या दिवसाची पहिली वेळ लिहून घ्यावयास सांगत. चारपाच जण उठत, बाईंपाशी वेळ लिहून घेत, आणि बाकीचे पोरांना मांडीवर घेऊन पुन्हा बसत. बाईंवर कोणी आवाज चढविलेला मी तेथे ऐकला नाही. चढविण्यासारखे कारण उरतच नसे. हल्ली टोकन देणारी यंत्रे, भिंतीवरचे पडदे आणि मोबाइलवर वेळ कळविणाऱ्या योजना यांवर दवाखाने बराच खर्च करतात. त्या मानाने दोन मिनिटे बाहेर येऊन उभे राहणे बरेच स्वस्त पडावे.